माया लावणे हा दोष आहे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका घरचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. वय अवघे २२ वर्षे. दफनविधी झाला, सातव्या दिवसाची मिस्सा झाली, लांबचे पाहुणे आपापल्या गावी परतले आणि ते घर खऱ्या अर्थाने रिकामे झाले. दुःखितांच्या घरी धर्मगुरूने जायचे ते अशाच वेळी, म्हणून एका संध्याकाळी आम्ही तिकडे गेलो. मुलाची आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मान वर करून तिने विचारले, "फादर, मी त्याला जास्त माया लावली, म्हणून मला एवढे दुःख होते आहे का?"

चौकशी करता कळले ते असे. सांत्वनाला आलेल्या एका नातलगाने तिला सांगितले होते, "भगवान बुद्धाने सांगूनच ठेवले आहे, आसक्ती हे दुःखाचे मूळ. तू मुलात फार गुंतलीस." सांगणारा मनुष्य वाईट नव्हता. कोठेतरी वाचलेले एक वाक्य त्याला आठवले आणि शोकाच्या घरी काहीतरी बोलावे लागते म्हणून तो ते बोलून गेला. परंतु त्या आईच्या मनात ते वाक्य काट्यासारखे रुतून बसले.

आम्हीही घाईत उत्तर दिले, "बाई, तो बौद्धांचा विचार. आपला धर्म प्रेमाचा आहे. तुम्ही ते मनावर घेऊ नका." ती गप्प राहिली. ओटीच्या कडेला शेजारचे एक गृहस्थ बसले होते. निवृत्त शिक्षक, धर्माने बौद्ध, त्या घराचे अनेक वर्षांचे शेजारी. त्या सात दिवसांत घरात पाणी भरण्यापासून पाहुण्यांना बसस्थानकावर पोहोचविण्यापर्यंत कितीतरी कामे त्यांनी न सांगता केली होती. आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत सोबत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फादर, राग मानू नका. पण बुद्धांनी त्या माउलीला असे कधीच सांगितले नसते."

वाचकहो, त्या एका वाक्याने आमची झोप उडविली. आमच्या हातून एका वेळी दोन अपराध घडले होते. शोकाकुल आईच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नव्हते, ते केवळ झटकून टाकले होते. आणि जो शेजारी त्या घरासाठी राबत होता त्याच्यासमोर, त्याच्या धर्माला प्रेम ठाऊक नाही असे आम्ही सुचविले होते. ख्रिस्ती दयाधर्मात हे बसते काय? म्हणून आम्ही गुरुजींच्या घरी जाऊ लागलो, वाचू लागलो, विचारू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

बौद्ध धर्माविषयी आमचे ज्ञान किती होते? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात त्यावर थोडीशी व्याख्याने झाली होती. 'दुःखवादी विचार' असा त्यावर शिक्का मारून आम्ही परीक्षा उत्तीर्ण झालो. या शिक्क्याने किती मने दुखावतात याचा अनुभव जगाने १९९५ साली घेतला. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात बौद्ध धर्माचा मुक्तिविचार जवळजवळ सर्वस्वी नकारात्मक असल्याचे विधान होते. जानेवारी १९९५ मध्ये ते श्रीलंकेला गेले तेव्हा तेथील प्रमुख बौद्ध भिक्खू त्यांच्याबरोबरच्या सभेपासून दूर राहिले. पुढे जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस कोलंबोला गेले, त्यांनी गोव्याचे धर्मगुरू जोसेफ वाझ यांना संतपद बहाल केले आणि त्याच दौऱ्यात एका बौद्ध विहारालाही भेट दिली. ही जोड योग्यच होती. डच राजवटीत कॅथलिकांचा छळ होत असताना संत जोसेफ वाझ यांना आसरा आणि प्रचाराची मुभा दिली ती कँडीच्या बौद्ध राजाने! आपल्या एका संताचे कार्य बौद्ध राजाच्या उदारतेच्या सावलीत वाढले, हे आपण विसरता कामा नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जे घोषणापत्र काढले त्यात बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख आहे आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी ग्वाही आहे. तेव्हा समजून घेणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे.

शिवाय हा धर्म आपल्याला परका कोठे आहे? वसईकरांच्या उशाशी सोपारा आहे. 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे तेथील टेकाड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले, तेव्हा आतून बौद्ध स्तूप निघाला. एकात एक ठेवलेले करंडक आणि त्यांत, भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे सापडले. सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा तेथेच मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला. लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना माणसे नाना विधी करतात, परंतु नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांवर दया करणे हाच खरा फलदायी विधी होय, असा त्या नवव्या लेखाचा आशय आहे. आपल्या भुईगावच्या मातीने हा उपदेश दोन हजारांहून अधिक वर्षे पोटात सांभाळून ठेवला होता.

आणखी एक नवल सांगतो. मध्ययुगात युरोपभर बार्लाम आणि जोसाफात या दोन संतांची कथा भक्तिभावाने वाचली जाई. राजपुत्र जोसाफातला जगातले दुःख दिसू नये म्हणून राजा त्याला महालात ठेवतो. परंतु आजारी, वृद्ध माणसे त्याच्या दृष्टीस पडतात आणि तो वैराग्याच्या वाटेला लागतो. ही कथा अर्थातच सिद्धार्थाची! 'बोधिसत्त्व' या शब्दाची अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशी रूपे होत होत लॅटिनमध्ये 'जोसाफात' झाले. सोळाव्या शतकातील रोमन संतनामावलीत २७ नोव्हेंबर या दिवशी या नावाचे स्मरण होते. (१२ नोव्हेंबरचे हुतात्मे संत जोसाफात ते वेगळे.) गोव्यात राहून लिहिणाऱ्या दियोगु दो कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराला हे साम्य त्या काळीही जाणवले होते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी नकळत भगवान बुद्धाच्या जीवनकथेपुढे गुडघे टेकले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सारनाथ येथे पाच जुन्या सोबत्यांना बुद्धाने जो पहिला उपदेश केला त्यात चार आर्यसत्ये आहेत. दुःख आहे. त्या दुःखाला कारण आहे. ते थांबू शकते. आणि ते थांबविण्याचा मार्ग आहे. एखादा वैद्य प्रथम रोग ओळखतो, मग त्याचे कारण शोधतो, बरे होण्याची आशा देतो आणि शेवटी पथ्यपाणी सांगतो, तसाच हा क्रम आहे. रोग आहे असे सांगणाऱ्या वैद्याला आपण निराशावादी म्हणत नाही. चौथ्या सत्यातील पथ्य म्हणजे अष्टांगिक मार्ग : सम्यक् दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, प्रयत्न, स्मृती आणि समाधी. गृहस्थासाठी पंचशील आहे : हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहणे. यांपैकी पहिल्या चारांशी आपल्या दहा आज्ञांचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. पाचव्याविषयी आपल्या लग्नसमारंभांनी काय शिकावे ते आम्ही येथे सांगत बसत नाही.

अडचण आहे ती दुसऱ्या सत्यात. दुःखाचे कारण तृष्णा, पालीत 'तण्हा'. आपला मराठी 'तहान' हा शब्द याच 'तण्हा'चा वारस आहे. येथे तहान म्हणजे काय? मिळालेले निसटू नये, बदलू नये, संपू नये, माझेच राहावे असा मनाचा हट्ट. जग तर अनित्य आहे. नदीला बांध घातला तरी पाणी झिरपतेच. अनित्य वस्तूंनी नित्य राहावे हा हट्ट आणि तसे न होणे, या दोहोंच्या घर्षणातून दुःख पेटते. आपल्या भाषेने मात्र येथे मोठा घोटाळा करून ठेवला आहे. 'माया' हा एकच शब्द आपण आईच्या प्रेमासाठी वापरतो, पैशाअडक्यासाठी वापरतो आणि जगाच्या भ्रमासाठीही वापरतो. त्यामुळे 'आसक्ती सोड' हे शब्द ऐकणाऱ्या आईला 'माया सोड' असे ऐकू येते.

परंतु सगळे खापर भाषेवर फोडून भागणार नाही. प्रियजनांपासून शोक उपजतो, असे बौद्ध ग्रंथांत स्पष्ट म्हटले आहे. याविषयीची कथा मुळातूनच समजून घेण्यासारखी आहे. श्रावस्तीतील एका गृहस्थाचा एकुलता मुलगा मरण पावला. तो शोकाने वेडापिसा होऊन बुद्धाकडे आला. शोक, विलाप, दुःख ही सारी प्रियजनांतूनच उपजतात, असे बुद्ध त्याला म्हणाले. गृहस्थाला ते मुळीच पटले नाही. प्रियजनांपासून तर आनंद मिळतो, असे म्हणून तो उठून निघून गेला. ही गोष्ट राजा प्रसेनजिताच्या कानावर गेली. त्याने राणी मल्लिकेला टोमणा मारला, तुझे बुद्ध हे काय भलतेच बोलतात! मल्लिका मोठी शहाणी. तिने राजाला विचारले, आपली कन्या वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिला उद्या काही झाले तर तुम्हाला शोक होणार नाही काय? राजा म्हणाला, माझ्या जिवाचेच पाणी होईल. मल्लिका म्हणाली, बुद्ध म्हणाले ते एवढेच.

या कथेत एक बारकावा आहे. मल्लिकेने राजाला 'वजिरीवर प्रेम करू नका' असे सांगितले नाही. प्रेम आणि शोक एकाच धाग्याची दोन टोके आहेत, ही वस्तुस्थिती तिने दाखविली. दिव्याला ज्योत आहे म्हणून चटका आहे, असे म्हणणारा दिव्याला दोष देत नाही. सत्य आणि दोषारोप यांत हाच फरक आहे. आमच्या त्या नातलगाने बुद्धाचे सत्य उचलले आणि त्याचा दोषारोप करून आईच्या पदरात टाकला.

मग बुद्ध स्वतः पुत्रशोकाने वेड्या झालेल्या आईशी कसे वागले? किसा गोतमीची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. बुद्धाने तिला उपदेश केला नाही की तिला दटावले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहऱ्या आण, एवढेच त्यांनी सांगितले. ती दारोदार फिरली. प्रत्येक घरात मोहऱ्या होत्या आणि प्रत्येक घरात कोणीतरी गेलेले होते. आम्हाला या कथेत पूर्वी फक्त मृत्यूची अटळता दिसत असे. गुरुजींनी वेगळी गोष्ट दाखविली. ते म्हणाले, "फादर, ती त्या दिवशी किती घरांत गेली ते बघा. प्रत्येक घरात तिला तिच्यासारखेच एक माणूस भेटले. ती एकटी निघाली होती, परत आली ती एकटी नव्हती."

ज्येष्ठ शिष्य आनंद याचीही गोष्ट अशीच. बुद्ध ८० वर्षांचे होऊन कुशिनारा येथे अंतिम शय्येवर पडले होते. आनंद आत जाऊन, दाराला टेकून रडू लागला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले. प्रियांचा वियोग अटळ आहे हे त्याला पुन्हा सांगितले खरे, परंतु त्याबरोबरच, तू दीर्घकाळ माझी प्रेमाने सेवा केलीस, कायेने, वाचेने, मनाने केलीस, असे म्हणून सर्व भिक्खूंसमोर त्याचा गौरव केला. बेथानी गावात लाजरसच्या कबरीपाशी प्रभूच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, ते पाहून लोकांना त्याच्या प्रेमाची खूण पटली. तेथेही मरियेला आणि मार्थेला 'तुम्ही भावात फार गुंतलात' असे कोणी म्हटले नाही.

मग सोडायची ती तृष्णा कोणती आणि राखायचे ते प्रेम कोणते? बौद्ध साधनेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना वाढवायच्या असतात. सर्वांचे भले चिंतणे ती मैत्री, दुःखितासाठी कळवळणे ती करुणा, दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे ती मुदिता आणि लाभहानीत मन समतोल ठेवणे ती उपेक्षा. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सांगितले आहे की, यांतील प्रत्येक भावनेला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू म्हणजे द्वेष. तो ओळखता येतो. जवळचा शत्रू म्हणजे आसक्ती. ती मैत्रीचेच कपडे घालून घरात वावरते, म्हणून ओळखू येत नाही. तसेच उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे बेपर्वाई. शोकाच्या घरी 'गुंतू नकोस' असे सांगणारे पुष्कळदा समतोलाचा नव्हे, या बेपर्वाईचा उपदेश करीत असतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मैत्री कशी असावी हे सांगण्यासाठी बुद्धाला दृष्टान्त हवा होता. त्यांनी तो कोठून घेतला? मेत्तसुत्तात त्यांनी आईचा दृष्टान्त दिला आहे. आई आपल्या एकुलत्या एक लेकराला स्वतःचा जीव पणाला लावून जपते, तसे मन सर्व प्राणिमात्रांविषयी बाळगावे, असा त्याचा आशय. जन्मल्यावर सातव्या दिवशी ज्यांची आई महामाया निवर्तली आणि ज्यांना मावशीने वाढविले, त्या सिद्धार्थांनी प्रेमाचे सर्वोच्च माप म्हणून आईचेच प्रेम निवडले. त्या प्रेमात त्यांना दोष दिसला नाही. ते एका घरात न थांबता पुढे वाहत जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. हे वाचले त्या रात्री आम्हाला आमच्या उत्तराची खरोखर लाज वाटली.

येथे आणखी एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. दुःखाचे मूळ नेहमी दुःखिताच्याच मनात शोधणे हे क्रूरपणाचे होऊ शकते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पक्के ठाऊक होते. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी शंका घेतली आहे. पाणवठ्यावरून हाकलला गेलेला माणूस तहानेने व्याकुळ झाला, तर त्याचे दुःख त्याच्या तृष्णेतून आले असे म्हणणार काय? माणसाने माणसाला दिलेले दुःख दूर करणे हेही धम्माचे काम, असे बाबासाहेबांचे सांगणे. शुभवर्तमानातही जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू तो प्रश्नच मोडीत काढतो आणि त्या आंधळ्याला दृष्टी देतो. दुःखिताला कारण सांगण्यापूर्वी त्याचे ओझे उचलावे, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

मग तृष्णा आपल्या घरात कोठे राहते? शोक करणाऱ्या आईकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण स्वतःची घरे तपासू या. वडिलोपार्जित वाडीच्या तुकड्यासाठी सख्खे भाऊ न्यायालयात जातात आणि एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मुलाने आपल्याच इच्छेप्रमाणे शिकावे, आपल्याच पसंतीने लग्न करावे, म्हणून आईबाप प्रेमाच्या नावाखाली त्याचा श्वास कोंडतात. हा मैत्रीचा जवळचा शत्रू! आणि बाप्तिस्म्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून जाऊनही सोयरीक जुळविताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? बुद्धाच्या संघात शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांनी आपणहून विनंती केली की, आमच्या उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. आपल्या धर्मग्रामांत असा विनंतीअर्ज अद्याप आमच्या हाती आलेला नाही.

तृष्णा सुटली म्हणजे माणूस कोरडा होतो काय? याचेही उत्तर आपल्याच भूमीत आहे. परंपरा सांगते की सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला आणि आपल्या मुलखात धम्म सांगायला निघाला. बुद्धांनी विचारले, तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या देतील तर? पूर्ण म्हणाला, हाताने मारीत नाहीत म्हणजे चांगलेच आहेत, असे म्हणेन. मारले तर? दगड, काठी, शस्त्र असे विचारीत विचारीत प्रश्न मरणापर्यंत गेला, तरी पूर्णाच्या मनात लोकांविषयी कटुता आली नाही. बुद्धांनी त्याला जाण्याची अनुज्ञा दिली. वसईच्या वाचकांना हे ऐकताना दुसऱ्या एका व्यापाऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करीत होते, तो सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर गेले. एक सोपाऱ्याचा, एक वसईचा. दोघांमधले अंतर काही मैलांचे आणि काही शतकांचे. दोघांनीही 'माझे' म्हणून धरलेली मूठ उघडली आणि त्या उघड्या मुठीतूनच प्रेम बाहेर आले.

याचा अर्थ दोन्ही धर्म एकच आहेत असा नव्हे. तसे म्हणणे हा गुरुजींचाही अनादर होईल आणि आमच्या श्रद्धेचाही. बुद्धाने सृष्टिकर्त्या परमेश्वरावर आपला मार्ग उभारला नाही. नित्य आत्मा त्यांनी मानला नाही. मनुष्याने स्वतःच्या प्रयत्नाने चालायचे आहे, बुद्ध वाट दाखवितात. आम्ही मात्र मानतो की, आम्ही चालण्याआधीच कोणीतरी आमच्याकडे चालत आला. आम्ही मानतो की देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो आणि मृत्यूही ते नाव पुसू शकत नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण राहिले, म्हणजे प्रेमाने सोसलेले दुःख स्वर्गातही वाया जात नाही. तहानेविषयीही आमचे एक वेगळे सांगणे आहे. जो प्रभू शोमरोनी स्त्रीपाशी विहिरीवर पाणी मागतो, तोच क्रुसावरून आपल्याला तहान लागल्याचे सांगतो. ती तहान घेण्याची नाही, देण्याची आहे. त्या तहानेला बुद्धाने तृष्णा म्हटले असते असे आम्हाला वाटत नाही. संत ऑगस्टीन तरुणपणी मित्राच्या मृत्यूने कोसळले. पुढे त्यांनी कबूल केले की, मरणाऱ्या माणसावर आपण तो कधीच मरणार नाही अशा रीतीने प्रेम केले, ही चूक झाली. त्यावर त्यांनी प्रेम कमी करण्याचा उपाय सांगितला नाही, देवाच्या ठायी मित्रावर प्रेम करावे असे सांगितले. आणि आई मोनिका निवर्तली तेव्हा आवरून धरलेले अश्रू अखेर त्यांनी वाहू दिले.

एवढे सारे वाचून, ऐकून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या आईकडे गेलो. म्हणालो, "बाई, त्या दिवशी आम्ही तुम्हाला नीट उत्तर दिले नाही. तुमच्या मायेत दोष नव्हता. दुःख होते ते माया खरी होती म्हणून. बुद्धांनीही तुम्हाला दोष दिला नसता, असे तुमचे शेजारी सांगतात आणि आता आम्हीही सांगतो." तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते कळते मला, फादर. पण त्याच्यासाठीची माया अजून उरली आहे. तिचे आता मी काय करू?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि या वेळी आम्ही घाईने दिलेही नाही.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत आशीर्वाद देत फिरत होतो. सगळीकडे फुले, मेणबत्त्या, कुटुंबे. ती आई मुलाच्या कबरीपाशी बसून रडली, रोझरी म्हणाली आणि उठली. तिच्या पिशवीत मेणबत्त्यांचे आणखी एक पुडके होते. कोपऱ्यातील ज्या कबरींकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, ज्यांच्या क्रुसांवरची नावेही पुसून गेली आहेत, त्यांच्यापाशी जाऊन ती एकेक मेणबत्ती लावीत होती. वारा होता, ज्योती विझत होत्या. फाटकाबाहेर तिची वाट पाहत थांबलेले गुरुजी आत आले आणि काही न बोलता हाताचा आडोसा करून तिच्या शेजारी उभे राहिले.